माझ्या मित्राची लेन्स

उन्हाळ्यातल्या एका दुपारी, स्टुडिओतल्या कूलरपुढं बसून, मी एका परदेशी माणसाला खोटं लिहिलं. लिहिताना मला आनंद होत होता. आपण खोटं लिहितोय हे मला चांगलं कळत होतं, आणि तरी त्या आनंदाला धक्का लागत नव्हता. हे आजवर मी कुणाला नीट सांगितलेलं नाही. मी मुळात बोलणारा माणूस नाही. लग्नात नवरा-नवरीला "जरा जवळ" आणि "इकडं बघा" एवढं म्हणालो की माझं दिवसाचं बोलणं संपतं. पण आता सांगायचं ठरवलंय तर सगळंच सांगतो.

परभणीत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, बारशी, नोकरीतून निवृत्त होणाऱ्यांचे सत्कार, सगळं घेतो. झरी, बोरी, पार जिंतूरपर्यंतच्या गावांत माझे अल्बम आहेत. पूर्वी एडिटिंगला चोरीचं सॉफ्टवेअर वापरायचो, सगळेच वापरतात. एका सीझनला त्यातून असा व्हायरस आला की एका नवरीची अख्खी हळद गेली. त्या नवरीच्या आईसमोर मी कसा उभा राहिलो ते वेगळंच प्रकरण आहे. त्यानंतर मी ओपन सोर्सवाल्या सॉफ्टवेअरवर आलो. लोक त्याला फुकटचं म्हणतात. ते कुणा एका कंपनीचं नसतं. देशोदेशीची माणसं आपापली नोकरी सांभाळून ते बनवतात, त्याच्या आतलं सगळं उघडं असतं, आणि काही चुकत असेल तर कुणीही तिथं जाऊन लिहू शकतो की बाबांनो, इथं चुकतंय.

आता लेन्सचं. माझ्याकडं एक झूम लेन्स आहे. लग्नाच्या फोटोग्राफरचं सगळं पोट तिच्यावर असतं. मांडवातली गर्दीही तिच्यात मावते आणि नवरीच्या डोळ्यातलं पाणीही. कॅमेरा ज्या कंपनीचा, त्याच कंपनीची तशी लेन्स फार महाग येते. माझी ती नाही. माझी बाहेरच्या मेकची, म्हणजे दुसऱ्याच कंपनीनं बनवलेली, तीही वापरलेली. काम चोख करते. फक्त आमच्याकडच्या उन्हानं तिच्यावरचं रबर फुगून ढिलं झालं, म्हणून मी त्यावर वायरमनची काळी टेप गुंडाळली. टेपखाली तिचं नावही झाकलं गेलं. मुद्दाम नाही. निदान तेव्हा तरी मुद्दाम नाही.

त्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडला की कोपऱ्यात लिहून येतं, कॅमेरा कोणता, लेन्स कोणती. माझ्या फोटोंवर पहिल्या दिवसापासून कंपनीच्या महाग लेन्सचं नाव यायचं. मला वाटलं, फुकटचं आहे, चुकत असेल. मी दुर्लक्ष केलं.

दुर्लक्ष केलं नाही ते माझ्या मेहुणीनं. ही बायकोची धाकटी बहीण, झरीला दिलेली. नवरीचा मेकअप करते. आधी मोबाइलवर आपल्या नवऱ्यांचे फोटो काढायची (नवऱ्यांचे म्हणजे नवरीचं अनेकवचन, ती स्वतःच हा खुलासा सगळ्यांना करते आणि हसते). मग तिनं माझ्याच मॉडेलचा एक जुना कॅमेरा घेतला आणि माझ्याकडं शिकायला यायला लागली. तिचं तोंड सतत चालू, माझं सतत बंद, त्यामुळं आमचं जमतं.

दोनेक वर्षांपूर्वी ती अशीच आली, "जयभीम दाजी" म्हणाली, पर्स टेबलावर टाकली आणि लॅपटॉपकडं बघून ओरडलीच.

"दाजी! ही कंपनीची हाय?"

मी मान वर केली.

"आन मंग टेप कामून गुंडाळलीय तिला?" मी तोंड उघडायच्या आत तिनंच उत्तर दिलं. "कळलं, कळलं! मांडवात कुणाची नजर पडू नये म्हणून. चोराला वाटंल जुनाट हाय. लय पोचलेले हाव बरं का तुमी!"

मी हसलो. बस्स, एवढंच केलं. पण त्या हसण्याचा अर्थ काय होतो ते मला त्याच क्षणी माहीत होतं.

बातमी तिच्याकडून बायकोच्या माहेरी गेली, तिथून बाजारपेठेत. टपरीवर चहा पिताना दुसरे फोटोग्राफर माझ्याशी जरा अदबीनं बोलायला लागले. एकानं विचारलं, "भाऊ, कंपनीच्या काचेचा कलर येगळाच येतो म्हनतेत, खरं हाय का?" मी म्हणालो, "येतो जरा." हे मात्र हसणं नव्हतं. हे मी तोंडानं बोललो.

यंदा मेहुणीनं ठरवलं की आपणही हीच लेन्स घ्यायची. दोन सीझनच्या मेकअपची कमाई तिनं त्यासाठी बाजूला ठेवली. सासरी विरोध झाला. एवढी महाग वस्तू, ती पण काचेची. तिनं सगळ्यांना माझे अल्बम दाखवले. बघा, दाजी हिच्यावर काढतेत. गुरुवारी ती नांदेडच्या दुकानात जाणार होती. हे सगळं मला सोमवारी माहीत होतं, आणि मी गप्प होतो.

आणि त्याच सोमवारी दुपारी मी बोरीच्या लग्नातला ग्रुप फोटो उघडला. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, पांढऱ्या शर्टातली माणसं, मागं मांडवाचा लोखंडी पाइप. पाइप मधोमध आत दबला होता आणि कडेच्या दोन्ही मावश्या होत्या त्याहून रुंद झाल्या होत्या. हे नेहमीचं होतं. प्रत्येक लेन्स फोटोला थोडा बाक देते, आणि सॉफ्टवेअर लेन्सचं नाव बघून तो बाक काढून टाकतं. नावच चुकीचं, तर दुसऱ्याच पेशंटचं औषध. मी दरवेळी ती दुरुस्ती हातानं बंद करायचो आणि पुढं जायचो. पण त्या दिवशी कडेच्या मावश्यांपैकी एक माझी चुलत सासू होती. अल्बम हातात पडल्यावर ती काय म्हणेल ते मला आधीच ऐकू यायला लागलं, आणि पहिल्यांदाच मनात आलं की ही चूक होते तरी कशी?

फोटोच्या फाइलच्या पोटात बरीच माहिती असते. ती सगळी बाहेर काढायची एक पद्धत आहे, ती मी इंटरनेटवर वाचून वाचून केली. आणि मग दिसलं. कॅमेरा फाइलमध्ये लेन्सचं नाव लिहीतच नाही. तो एक नंबर लिहितो. सॉफ्टवेअरकडं एक तक्ता असतो, या नंबराला हे नाव. मी तो तक्ता शोधला. उघडाच होता, कुणीही बघावा. माझा नंबर सापडला, पुढं कंपनीच्या लेन्सचं नाव. आणि वरखाली बघितलं तर इतर कितीतरी नंबरांपुढं दोन-दोन, तीन-तीन नावं!

मग डोक्यात उजेड पडला. बाहेरच्या मेकवाल्यांनी लेन्स बनवताना कॅमेऱ्याला पटावं म्हणून कंपनीच्याच लेन्सचा नंबर आत घातला होता. उसना. कॅमेऱ्याला ते खरं वाटलं, कॅमेऱ्यानं फाइलला सांगितलं, फाइलनं सॉफ्टवेअरला, आणि सॉफ्टवेअरनं माझ्या मेहुणीला.

मी खुर्चीतून उठलो. पुन्हा बसलो. पुन्हा उठून दारापर्यंत गेलो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. कुणाला सांगावं? शेजारच्या झेरॉक्सवाल्याला? तो मशीनवर डोकं ठेवून झोपला होता. मी परत आलो आणि ज्या पानावर लोक चुका कळवतात ते उघडलं. तिथं माझ्यासारखी माणसं होती! बर्फाच्या देशातला एकजण लिहीत होता, माझी लेन्स दुसरीच दिसते. कुठल्या बेटावरची एक बाई लिहीत होती, माझी लेन्स तर दिसतच नाही. आणि प्रत्येकाला कुणीतरी उत्तर दिलं होतं, फाइल मागितली होती, आणि शेवटी चूक दुरुस्त झाली होती. माझ्या लेन्सबद्दल मात्र कुणीच लिहिलेलं नव्हतं. अख्ख्या जगात कुणीच नाही! परभणीच्या स्टेशन रोडवर बसून हे पहिल्यांदा मला सापडलं होतं.

काय काय द्यायचं ते तिथं लिहिलं होतं. कार्डावरून निघाली तशी मूळ फाइल. सॉफ्टवेअर काय नाव दाखवतं ते. लेन्सवर छापलेलं नाव, अक्षर न् अक्षर, आणि त्या नावाचा फोटो. मी टेप सोडवली. गोंद वितळून काळा चिकट थर झाला होता, तो खोबरेल तेलानं पुसून काढला. खालून नाव निघालं, स्वच्छ, पांढऱ्या अक्षरात. किती दिवसांनी बघत होतो मी ते. मला ती लेन्स एकदम आवडली. खरंच सांगतो, इतकी चांगली लेन्स आणि मी तिला पट्टी बांधून हिंडवत होतो.

आणि तिथंच माझं घोडं अडलं. ते पान जगाला उघडं. मेहुणी त्या दिवसांत रात्रंदिवस त्याच लेन्सचं नाव टाकून इंटरनेटवर शोधत होती. हे पान तिच्यापुढं यायला कितीसा वेळ? मग मी लिहिलं, मोबाइलवर इंग्रजी करून करून, की माझ्याकडं कंपनीची लेन्स आहे, पण माझ्या एका मित्राकडं बाहेरच्या मेकची आहे आणि त्याच्या फाइलमध्ये नाव चुकीचं येतं. हे त्या मित्राच्या वतीनं कळवतोय. पाठवून दिलं.

मंगळवारी सकाळी शटर वर केलं, लॅपटॉप लावला, तर उत्तर! त्या तक्त्याची देखभाल करणारा कुणी होता. किती सुंदर लिहिलं होतं त्यानं. तुमचा अंदाज अगदी बरोबर आहे, नंबर उसनाच आहे. मी ते वाक्य उभं राहून वाचलं. पुढं त्यानं लिहिलं होतं की नुसतं दुसरं नाव तक्त्यात घालून भागणार नाही, दोन्ही लेन्स वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. त्यासाठी एकाच मॉडेलच्या कॅमेऱ्यावर दोन्ही लेन्सनं काढलेल्या फाइली हव्यात. तुमच्याकडं कंपनीची आहे आणि मित्राकडं दुसरी, हा फारच चांगला योग आहे.

योगच म्हणायचा. आता कंपनीची लेन्स आणू कुठून? मी लिहिलं, मित्र गावाला गेलाय. मग वाटलं, हा माणूस वाट बघत बसेल, आणि मला तर दुरुस्ती झालेली बघायची घाई झाली होती. मी काय केलं, माझ्याच एका जुन्या लग्नातली फाइल काढली, अर्थात त्याच लेन्सची, आणि ही माझ्या कंपनीच्या लेन्सची म्हणून पाठवली. इतका उतावळा झालो होतो की हे करून आपण काय करतोय याचा विचारच केला नाही. तक्ता सगळ्या जगाचा. माझी खोटी फाइल खरी धरून त्यानं काही बदललं असतं, तर कुठल्या कुठल्या माणसांचे पाइप वाकले असते.

बुधवारी उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं, दोन्ही फाइली मी शेजारी ठेवून तपासल्या, लेन्सच्या माहितीत एका अक्षराचाही फरक सापडला नाही. आणखी एक गोष्ट दिसली. फाइलमध्ये कॅमेऱ्याचा स्वतःचा अनुक्रमांकही असतो, आणि तुमचा आणि तुमच्या मित्राचा अनुक्रमांक एकच आहे. फाइली चुकून मिसळल्या का? माझ्याही होतात कधी कधी.

माझ्याही होतात कधी कधी! त्यानं मला खोटारडा म्हटलं असतं तर मी लॅपटॉप मिटून मोकळा झालो असतो. पण त्यानं मला बाहेर पडायला वाट ठेवली होती, आणि त्या वाटेनं जायची मला लाज वाटली. मी तिथंच लिहिलं. मित्र नाही. लेन्स माझी आहे. कंपनीची लेन्स माझ्याकडं कधीच नव्हती. लोकांना तसं वाटत होतं आणि मी वाटू दिलं. माफ करा. पाठवलं आणि छाती अशी मोकळी झाली की काय सांगू. त्याचं दोन ओळींचं उत्तर लगेच आलं. मित्र नसला तरी लेन्स आहे, हे माझ्या कामासाठी जास्त महत्त्वाचं. दुसरी फाइल मिळाली तर बघू.

परक्या माणसाला खरं सांगणं सोपं गेलं. घरच्या माणसाला सांगायचं राहिलंच होतं.

दुपारी बायको डबा घेऊन आली. मी जेवणाला हात लावेना.

"काय झालं? खावा की."

"ती लेन्स... माझी. ती कंपनीची नाही."

"ते मला माहीत हाय," डब्याचं झाकण काढत ती म्हणाली. "आणायला मीच न्हवते का संगं? त्यात काय नवं?"

"तिला माहीत नाही."

"कुनाला?" आणि मग तिचा हात थांबला. "आवं! आन ती उद्या नांदेडला जायलीय! तुमच्या भरवशावर! सासूसंगं भांडून जायलीय ती!"

"हो."

"तिला तुमी सांगता का मी सांगू?"

"मी सांगतो."

"तुमी? तोंडानं?"

"तोंडानं."

तिनं झाकण पुन्हा लावलं. "मंग जेवू नका. आधी जा."

गाडीला किक मारली आणि भर उन्हात झरी गाठली. मेहुणी ओसरीत बसून उद्याची तयारी करत होती. कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावलेली, कार्डं ओळीनं मांडलेली. मी काही न बोलता लेन्स तिच्या हातात दिली.

"ही कुनाची?"

"माझी."

"तुमची ती टेपवाली कुठंय मंग?"

"हीच ती."

तिनं लेन्स फिरवली. नाव वाचलं. पुन्हा वाचलं.

"आन लॅपटॉपवर येतं ते नाव?"

मग मी बोलायला लागलो. आयुष्यात एका दमात एवढं कधी बोललो नव्हतो. नंबर कसा असतो, तक्ता कसा असतो, बाहेरच्यांनी तो उसना कसा घेतला. सांगता सांगता पुन्हा तोच आनंद वर आला. "म्हणजे कॅमेऱ्यालाच माहीत नाही! त्याला वाटतं कंपनीची! आणि हे अजून कुणीच कळवलेलं नव्हतं, पहिल्यांदा मी..."

"दाजी," ती म्हणाली, "तुमी माफी मागायला आलात का शिकवायला?"

"माफी."

"मंग माफी मागा आधी. नंबर नंतर."

मागितली. आतून तिच्या सासूचा आवाज आला, "काय गं, कोन बोलायलंय एवढं?"

"दाजी, आत्याबाई!"

"दाजी? अगं बाई, पानी दे त्यायला."

एरवी आम्ही दोघं हसलो असतो. ती हसली नाही. लेन्स मांडीवर ठेवून ती माझ्याकडं बघत राहिली. "दोन वर्षं मी फोटो बघायले ते ह्याच लेन्सचे?"

"हो."

"मंजे फोटो खरे हायत."

"फोटो खरे."

"मंग नाव कामून खोटं ठिवलं?" लगेच ती पुढं म्हणाली, "मी ह्या घरात तुमच्यावरून भांडले. दाजी खोटं बोलत न्हाईत म्हनले. मानूस बोलतच न्हाई तर खोटं काय बोलंल, म्हनले."

पाण्याचा तांब्या आला, तो मी घेतला. मी गाडीपाशी पोचल्यावर तिनं मागून आवाज दिला. "उद्या सकाळच्या गाडीला टेशनात उभं राहा. ती घिऊन. दोन्ही बघते मी, माझ्या डोळ्यानं."

नांदेडच्या त्या दुकानात तिनं काय धुमाकूळ घातला ते दुकानदार विसरला नसेल. आधी तिनं तिच्याच कॅमेऱ्यावर माझी लेन्स लावली, मग कंपनीची, मग पुन्हा माझी. दारातून बाहेरचा रस्ता, उन्हातली रिक्षा, काउंटरवरच्या माणसाचं तोंड. पडद्यावर मोठं करून बघितलं. "उजेडात सारख्याच हायत," ती म्हणाली. दुकानदाराचं तोंड पडलं.

"आता लाइट बंद करा."

"मॅडम, गिऱ्हाईक हायत दुकानात."

"मी पन गिऱ्हाईकच हाय की. नवरी काय दुकानाच्या लाइटात सजती का? आतल्या खोलीत बसवतेत तिला, एक बल्ब, तो बी पिवळा. माझं काम तिथं असतंय."

मागचे दिवे बंद झाले. मला कपाटांच्या बोळात स्टुलावर बसवलं. "दाजी, लाजल्यावानी मान खाली घाला. आणखीन. हां." माझी लेन्स त्या अंधारात घर्र घर्र करत पुढं-मागं चाचपडत राहिली. कंपनीच्या लेन्सनं मला पटकन पकडलं. पुन्हा पुन्हा करून बघितलं, दरवेळी तेच. दुकानात आलेली दोन-चार माणसं, दुकानदार, नोकर, सगळे तिच्या मागं गोळा होऊन पडद्यावर बघत होते, आणि मी नवरीसारखी मान घालून बसलो होतो, आणि मला मनापासून मजा येत होती.

"घेते मी," तिनं कॅमेरा खाली ठेवला. "तुमच्यामुळं न्हाई बरं का दाजी. मला लागती म्हनून."

"कळलं."

"आन तुमचं काम मांडवात, उजेडात. तुमाला हीच बरी हाय. कामून लाजत होतात कुनास ठावं."

पैसे देऊन झाले, खोकं पिशवीत गेलं, तरी मी काउंटर सोडेना. येताना गाडीत मी तिला त्या परदेशी माणसाचं सगळं सांगितलं होतं, त्यामुळं माझं मन कशात आहे ते तिला कळलं असावं. "काय? त्या तक्तेवाल्याला फाइली लागतेत न्हाई का दोन्हीच्या?" तिनं खोकं पुन्हा फोडलं. दुकानदारानं कपाळाला हात लावला. भिंतीवरच्या कॅलेंडरचे, एकाच जागेवरून, एकाच कॅमेऱ्यानं, आधी एका लेन्सनं मग दुसरीनं, झूम अलीकडं, झूम पलीकडं, असे फोटो आम्ही काढले. एक मी काढायचो, एक ती. दुकानदारही मग शेवटी "थोडं डावीकडं" म्हणायला लागला.

फाइली तिनं स्वतःच्या नावानं पाठवल्या. मी इंग्रजी करून देत होतो, ती मराठीत सांगत होती. "लिहा. मी यांची मित्र न्हाई. मेहुणी हाय. कंपनीची लेन्स माझी हाय, पावती हाय. दुसरी यांची हाय. आता फाइली मिसळलेल्या न्हाईत." मी मेहुणीला काय शब्द वापरावा यावर अडलो, तर तिनं तो मराठीतच ठेवायला लावला. त्या माणसानं उत्तरात तो शब्द जसाच्या तसा, मोठ्या अदबीनं वापरला. मिस मेहुणी, आभार.

पुढचे दिवस आम्ही दोघंही सारखं ते पान उघडून बघायचो. तिचा फोन यायचा, "काही आलं का?" आणि एक दिवस आलं. त्या माणसाला फरक सापडला होता. फाइलमध्ये खोल कुठंतरी एक जागा आहे. कंपनीची लेन्स तिथं स्वतःचा मजकूर लिहिते, आणि माझ्या लेन्सच्या बाबतीत ती जागा रिकामी असते. बस्स, एवढाच फरक. ती जागा रिकामी दिसली की माझ्या लेन्सचं नाव दाखवायचं, भरलेली दिसली की मेहुणीच्या. सॉफ्टवेअरची चाचणीची आवृत्ती आली त्या दिवशी ती झरीहून रिक्षानं आली, दोघांनी मिळून ती बसवली, आणि दोन फाइली शेजारी शेजारी उघडल्या. दोन नावं! डावीकडं तिचं, उजवीकडं माझं. "या माय!" ती ओरडली. झेरॉक्सवाला काय झालं म्हणून पळत आला. त्याला सगळं समजावून सांगितलं मी. तो "बरं बरं" म्हणाला आणि परत गेला, पण मी सांगितलं.

त्या माणसानं शेवटी आणखी एक विचारलं होतं. याच नंबरावर आणखी एक तिसऱ्याच मेकची लेन्स चालते असा संशय आहे, तुमच्या भागात कुणाकडं आहे का?

मी म्हणालो, बघू, विचारू कुणाला तरी. मेहुणीनं तोवर मोबाइल काढला होता. जिल्ह्यातल्या फोटोग्राफरांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे, त्यात ती नुकतीच शिरली होती. तिनं तिथं लिहिलं की अमुक मेकची लेन्स ज्यांच्याकडं असेल त्यांनी सांगावं, लाजू नका, आमच्या दाजींकडं पण बाहेरचीच हाय. आणि माझ्याकडं बघून पाठवायचं बटण दाबलं.

टपरीवरचे सगळे त्या ग्रुपात होते. वाचल्याच्या खुणा एकेक करत उमटत गेल्या. कुणी काही लिहिना. मी दारात जाऊन उभा राहिलो, आत आलो, पाणी प्यालो. मग माझा फोन वाजला. आमच्यातले सगळ्यात जुने फोटोग्राफर होते. ज्यांच्या हाताखाली निम्मी परभणी कॅमेरा धरायला शिकली, ते.

"एकटेच हाव का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"नाही, मेहुणी आहे."

"मंग नंतर करतो."

मेहुणीनं फोन हातातून काढून घेतला आणि स्पीकर लावला. "बोला की काका. तुमच्याकडं हाय ना ती?"

"हाय," ते म्हणाले. "पन मी तिच्यावर कंपनीचं टोपण लावतो. कुनाला कळत न्हाई."

"आता कळलं की!" ती म्हणाली, आणि तिकडं ते हसायला लागले, असे हसले की त्यांना ठसका लागला. ठसका थांबेपर्यंत आम्ही दोघं फोनवर वाकून बसलो. मग मी फोन जवळ घेतला आणि मोठ्यानं, घाईघाईनं सांगितलं, "काका, आत्ताच या. कॅमेरा पण आणा आणि कार्ड पण. व्हॉट्सॅपवर फोटो पाठवू नका, त्यात आतली माहिती गळून जाते. कार्डावरून निघाली तशी फाइल पाहिजे!"